सुपडूनानांचा झोका

आमच्या गल्लीत सकाळी शिट्टी वाजली की समजायचं, सुपडूनानांचा प्रोग्राम सुरू झाला. प्रोग्राम म्हणजे गाण्याबजावण्याचा नव्हे, कॉम्प्युटरचा. नाना खुर्चीत ताठ बसतात, पडद्याकडे रोखून बघतात, गळ्यातली शिट्टी तोंडात धरून एक लांबलचक फुंक मारतात आणि मगच बटण दाबतात. मी एकदा न राहवून म्हणालो, "नाना, त्याला ऐकू येत नाही."

"त्याला नसेल येत. मला येतं ना! शिट्टीशिवाय मी जन्मात कोणाला पळवलेलं नाही."

नाना हे जळगावातल्या आमच्या शाळेचे निवृत्त पी.टी. मास्तर. वय सत्तरीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हे बूट घरातही निघत नाहीत. मी त्यांचा जुना विद्यार्थी पारस, आता शेजारी. माझे पणजोबा राजस्थानातून येताना एक लोटा तेवढा बरोबर घेऊन आले म्हणतात. तेव्हापासून आम्ही लोटेच विकतो आहोत. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे मी शेठ असतो. पण शेजारून शिट्टी आली की पन्नाशीला टेकलेला हा शेठ पोट आत ओढून ताठ उभा राहतो. बायको हसते. तिला हसायला काय जातं, तिला नानांनी शिकवलेलं नाही.

नानांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "पुन्हा पहिल्यापासून!" कवायतीत एकाचा हात चुकला की अख्ख्या शाळेला पुन्हा पहिल्यापासून. घरी पोहे लागले तरी कढई घासून पुन्हा पहिल्यापासून. एकदा गल्लीतल्या लग्नात भटजी मंगलाष्टकात अडखळले, तर गर्दीतून आवाज आला, "पुन्हा पहिल्यापासून!" आणि भटजीही नानांचेच विद्यार्थी निघाले. भर उन्हात सगळं वऱ्हाड तसंच उभं राहिलं. नवरदेव तर घामाने वितळायचा बाकी होता.

तर हे नाना यंदा होळीनंतर दुरुस्तीवाल्याकडून आणलेला एक जुना लॅपटॉप काखेत मारून माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "पारस्या, मला गेम करायचाय. आखाजीच्या आत."

"कुठला खेळायचाय, नाना?"

"खेळायचा नाही रे. करायचाय. झोक्याचा."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतर ठिकाणी लोक त्या दिवशी सोनं घेतात. आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस कोणी त्यांना काम सांगत नाही. बहिणीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. नानांची मोठी बहीण सोनाअक्का धुळ्याला दिलेली. गाव त्यांचं धरणगावाकडचं. आईवडील गेले, मागे घरही पडलं, पण नानांनी मुराळीपण काही सोडलं नाही. दरवर्षी आखाजीच्या चार दिवस आधी धुळ्याला जायचं, अक्कांना जळगावला आणायचं आणि आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेतल्या निंबाला झोका बांधायचा. पंचाहत्तरीच्या अक्का काष्टा खोचून त्या झोक्यावर अशा चढायच्या की आम्ही शेजारी श्वास रोखून बघत राहायचो.

या हिवाळ्यात अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं जरा हलायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हे बोट हलवत राहिलात तर मागून हात येईल. सोडून दिलंत तर बोटही जाईल. दाबायला एक रबरी चेंडू दिला. अक्कांनी तो डाव्या हाताने उचलून खिडकीबाहेर टाकला. नवा आणला, तोही गेला. मग नाना शिट्टी घेऊन धुळ्याला गेले. अख्ख्या शाळेला ज्यांनी एका फुंकेत रांगेत आणलं, त्यांना अक्का म्हणाल्या, "शिट्टी तुन्ह्या शाळामा वाजाड." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

येताना एसटीत नानांच्या शेजारी एक बाई बसली होती. ती मोबाइलवर बोटाने रंगीत फुगे फोडत होती. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, बाईने मान वर केली नाही.

"तिचं बोट एकदाही थांबलं नाही, पारस्या," नाना मला सांगत होते. "आणि कोणी शिट्टी मारली नव्हती!"

"मग तसला तयार गेम द्या ना अक्कांना. फुकट मिळतो."

"अक्का फुगे फोडेल? त्या बाईच्या वयाचा तिचा नातू आहे. तिला झोका पाहिजे. एक बटण दाबलं की झोका चढला पाहिजे. आखाजीला ती येऊ शकत नाही, तर झोका तिकडे जाईल."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. या माणसाला मोबाइलवर फोन कापता येत नव्हता. बोलणं झालं की तो उशीखाली ठेवून द्यायचा. हा गेम करणार! मी मनात म्हटलं, आठ दिवसांत लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे परत जातो.

शिकायचं ठरलं ते व्हिडिओवरून. शिकवणारा एक विशीतला पोरगा होता, हिंदीतून भराभरा बोलायचा. नाना त्याला 'गुरुजी' म्हणायचे. त्याने "नमस्कार दोस्तो" म्हटलं की नाना उठून उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात "हजर!" म्हणायचे. मध्येच पाणी प्यायला जायचं असेल तर "गुरुजी, एक मिनिट" अशी परवानगी मागून मग व्हिडिओ थांबवायचे. एखादा मुद्दा चार वेळा बघून कळला नाही तर गुरुजींना दोष नाही. "त्यांनी सांगितलं, माझ्या डोक्यात गेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून!"

पहिले काही दिवस शिट्टी वाजायची आणि पुढे काहीच व्हायचं नाही. मग एका सकाळी नानांनी आरोळी मारली, "पारस्या, चालला! चालला!" मी तोंडावर साबण तसाच ठेवून धावलो. पडद्यावर एक निळा चौकोन डावीकडून उजवीकडे चालला होता. बस, एवढंच. पण नाना चौकोनाबरोबर मान फिरवत होते. "मी सांगितलं 'दाहिने', आणि हा दाहिने चालला. मारलं नाही, ओरडलो नाही." चौकोन चालत चालत कडेला गेला आणि पडद्याबाहेर निघून गेला.

नानांचा चेहरा पडला. घाबरले की ते अहिराणीवर येतात. "कथा गया रे हाऊ?" कुठे गेला हा, ते मलाही कळेना.

खाली एक आकडा वाढत होता. म्हणजे चौकोन दिसत नसला तरी चालतच होता. ते कळल्यावर नाना खुर्चीतून हलेनात. पोरगं मैदानाबाहेर गेलं आणि मास्तरांनी थांब म्हटलं नाही, ही त्यांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. दुपारी मी डोकावलो तर ताट लॅपटॉपसमोर, आणि एका हाताने भाकरी खात नाना आकडा बघत होते. "अजून चाललाय. कोणी बघत नाही, तरी चाललाय. केवढं प्रामाणिक लेकरू!" शेवटी मीच म्हटलं, बंद करा आता. तर आधी त्याला थांबायची सूचना लिहिली, तो थांबल्याची खात्री केली आणि मग लॅपटॉप मिटला. मी हसत घरी आलो, पण दुकानात बसल्यावर मलाही राहून राहून वाटायला लागलं, की तो चौकोन त्या पडद्याबाहेर नक्की कुठवर गेला असेल.

पुढचा धडा खाली पडण्याचा होता. नानांनी एक मुलगी काढली. काढली म्हणजे बारीक बारीक चौकोन भरून जुळवली. माझ्या बायकोने बघून विचारलं, "हा कुकर का काढलाय?" नानांनी कुकरच्या शिट्टीसारखी दिसणारी वेणी मुकाट्याने पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू त्या कुकरला परकर आला, हात आले, लाल रिबिनी आल्या. ही मुलगी त्यांनी पडद्याच्या मधोमध, हवेत ठेवली आणि शिट्टी मारली.

मुलगी तिथेच राहिली. पायाखाली काही नाही, हाताला काही नाही, आणि पडत नाही.

नानांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "पारस्या, इथे कोणी पडतच नाही. आपण सांगितल्याशिवाय कोणी पडत नाही."

"मग बरंच आहे की."

"अरे, पण झोका कसा होईल? खाली यायची ओढ आहे म्हणून झोका आहे. ती ओढ आता मला लिहावी लागणार." नाना डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होते. "ज्याने ही खरी पृथ्वी केली, त्यालाही हे कधीतरी पहिल्यांदा सुचलं असेल ना रे?"

मी भांडी विकणारा माणूस. वस्तू खाली पडते आणि पोचा येतो, एवढंच मला ठाऊक. पण त्या सकाळी नानांच्या खोलीत, त्या हवेत थांबलेल्या मुलीकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला, हे खरं सांगतो. शाळेत विज्ञानाच्या तासाला असं कधी झालं नव्हतं.

नानांनी ओढ लिहिली, शिट्टी मारली, आणि मुलगी वर गेली. सुसाट आभाळात. कॉम्प्युटरात आकडे वरून खाली मोजतात, हे गुरुजींनी सांगितलेलं नाना विसरले होते. "कवायतीत असं नसतं!" म्हणून त्यांनी लॅपटॉपलाच दम भरला, मग उणेचं अधिक केलं, आणि मुलगी अलगद खाली आली. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे पेढे, असं कोणी विचारलं की सांगायचे, "पोरगी खाली पडली." लोक पेढा हातात धरून विचारात पडायचे.

झोक्याने मात्र नानांच्या नाकी नऊ आणले. आधी दोरी शेवयांसारखी लांबत गेली आणि मुलगी जमिनीत शिरली. मग झोका चढला तो फांदीला गरगर वेढे घालत बसला. मग हलायला लागला तो थांबेचना. आखाजी जवळ येत होती, धुळ्याहून भाच्याचा फोन येत होता की अक्का आता बोटाकडे बघतही नाहीत, आणि इकडे नाना सकाळपासून शिट्ट्यांवर शिट्ट्या. मी एक दिवस त्यांना म्हणालो, "नाना, नाही जमलं तर नाही. वयाचं बघा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप अंगठे शिवणीला लावून उभा राहिलो.

मग तो हलला. खरोखरचा झोका हलतो तसा, वर गेल्यावर क्षणभर रेंगाळत, खाली येताना वेग धरत. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो. गुरुजींच्या धड्यात पुढे असं होतं, की झोका फार उंच गेला की खेळणारा खाली पडावा आणि पडद्यावर 'गेम ओव्हर' यावं. आज्ञाधारक नानांनी तेही लिहिलं. एकदा झोका उंच चढवला, लाल रिबिनींची मुलगी सुटली, धप्पकन खाली आदळली आणि पाटी आली. नाना पांढरेफटक पडले. त्यांनी तो सगळा भाग पुसून टाकला. व्हिडिओत गुरुजी सांगत होते, हरण्याची भीती नसेल तर त्याला गेम म्हणत नाहीत. नानांनी पहिल्यांदाच त्यांना उलट उत्तर दिलं. "गुरुजी, तुमच्याकडे आखाजी नसते."

आखाजीच्या दिवशी सकाळी नानांनी पितरांची घागर भरली, पूजा केली आणि मी गाडी काढली. माझं दुकान बंद होतं, आणि खरं सांगायचं तर हे बघितल्याशिवाय मला राहवणारही नव्हतं. वाटेत नाना लॅपटॉप मांडीवर धरून बसले होते. खड्डा आला की त्यावर दोन्ही हात ठेवायचे.

धुळ्याला भाचेसुनेने दार उघडलं. स्वयंपाकघरातून पुरणपोळीचा वास येत होता, परातीत रसासाठी आंबे माचवून ठेवले होते. आतल्या खोलीत अक्का उशांना टेकून बसल्या होत्या. मी त्यांना काष्टा खोचून झोक्यावर उभं राहिलेलं बघितलं होतं. या अक्का फार लहान दिसत होत्या. नानांनी वाकून नमस्कार केला, त्यांच्या मांडीवर पाट ठेवला, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि उघडला. शिट्टीला हातही लावला नाही. अक्कांचं बोट उचलून लांब बटणावर ठेवलं.

अक्का पडद्याकडे बघत राहिल्या. मग बोट मागे ओढलं. जड जिभेने, पण स्पष्ट कळेल असं म्हणाल्या, "हाई मन्हं सासर शे. झोका माहेरले ऱ्हास. सासरले कोन झोका खेळस?"

पडणं, ओढ, दोरी, सगळं नानांनी लिहिलं होतं. ही एवढी गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. आणि ती खानदेशातल्या कोणत्याही शाळकरी पोरीने त्यांना सांगितली असती. नाना इतके हिरमुसले की मला बघवेना. मला वाटलं, झालं, गेलं सगळं पाण्यात.

मग नाना पलंगापाशी गुडघ्यांवर बसले आणि पडद्यावर बोट ठेवून सांगायला लागले. "अक्का, हाई माहेरच शे. देख. हाऊ आपला निंब, ही वाकडी फांदी. ही विहीर. हाई घर, माय दारमा बठेल शे." मी वाकून बघितलं. इतके दिवस ज्याला मी नुसता कोपऱ्यातला तपकिरी ठिपका समजत होतो, ती दारात बसलेली आई होती.

अक्का एकेक गोष्ट नजरेने तपासत गेल्या. निंब झाला, विहीर झाली. आईवर बराच वेळ थांबल्या. मग पुन्हा सगळीकडे शोधल्यासारखं करून त्यांनी विचारलं, "माहेर शे? मंग तू कथा शेस?"

नानांनी पडद्यावर नजर फिरवली. निंब त्यांनी काढला, घर काढलं, गेलेली आई काढली. स्वतःला मात्र कुठेच काढलं नव्हतं. मला एकाएकी त्यांच्या त्या नीटनेटक्या, रिकाम्या घराची आठवण झाली आणि फार वाईट वाटलं.

"मी मांगे शे ना, अक्का," नाना शेवटी म्हणाले. "झोका देवाले. म्हणून दिसत नही. तू बटन दाब, मी ढकलस."

अक्कांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते बोट पुढे सरकलं. बटणावर आलं, वाकलं, आणि दाबलं. झोका हलला. पुन्हा दाबलं. झोका चढला. अक्कांच्या कपाळावर घाम आला, ओठ वाकडे झाले, पण बोट वाकत होतं आणि सरळ होत होतं. भाचेसून रसाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. रिबिनींची मुलगी निंबाच्या शेंड्याला टेकायला आली होती. नाना गुडघ्यांवर बसून प्रत्येक वेळी नकळत दोन्ही हात पुढे ढकलत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

एकदम अक्का थांबल्या. नानांनी घाबरून विचारलं, "काय व्हयनं, अक्का? हात दुखना का?"

अक्कांनी नाही म्हणून मान हलवली. डावा हात उचलून त्यांनी नानांच्या डोक्यावर ठेवला.

"थकी गया व्हशी तू," त्या म्हणाल्या. "बस जराखा."

नाना भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना खरंच धाप लागली होती. अक्कांचं बोट बटणावरच होतं, पण त्यांनी ते दाबलं नाही. भावाची धाप ओसरेपर्यंत त्या थांबून राहिल्या.